आईच्या दगडातले पट्टे

आमच्या घरात एक दगड होता आणि तो पाणी प्यायचा. हातभर लांब, वीतभर रुंद, चार बोटं जाड. त्याच्यावर पाण्याचा माठ ठेवलेला असायचा. गावात दुसऱ्या कुणाच्याही घरी गेलं की माठाखाली चिखल, शेवाळ, कुठं गांडूळ. आमच्या माठाखाली कोरडं. माठातून झिरपलेला थेंब दगडावर पडायचा, क्षणभर चमकायचा आणि आत जायचा. मी उकिडवी बसून ते बघत राहायचे. आई म्हणायची, "दगड बघायलीस का पाणी भरायलीस?"

परभणीकडं दगड म्हणजे काळा. घराचा चौथरा काळा, विहिरीचं तोंड काळं, पाटा-वरवंटा काळा, नांगरटीत निघणारा धोंडाही काळाच. आमचा दगड पिवळसर होता आणि त्याच्या अंगावर तपकिरी पट्टे होते. काही बोटाएवढे जाड, काही दोऱ्याएवढे बारीक, सगळे एकमेकांच्या सोबतीनं वळत गेलेले. त्याच्यावर चटणी वाटता येत नव्हती, खाताना दाताखाली कचकच यायची. विळ्याला धार मात्र फार चांगली लागायची.

हा दगड आईनं लग्नात आणला होता. तिचं माहेर नागपूरच्या पलीकडं, कामठीच्या बाजूला. तिचे वडील दगडाच्या खाणीत कामाला होते. माझे वडील तरुणपणी तिकडं मास्तरकीच्या ट्रेनिंगला होते, तेव्हा सोयरीक जमली. लेक एवढ्या लांब जाणार म्हणून आजोबांनी स्वतः घासून, कडा मारून हा दगड तयार केला आणि तिच्या सामानात बांधून दिला. "तिकडं सगळा काळाच दगड आहे म्हणतात. आपला एक राहू दे," असं म्हणाले. आमच्या गावात बायका कितीतरी दिवस हसल्या. सगळ्यांच्या सुना भांडी आणतात, मास्तरच्या बायकोनं धोंडा आणला. आईच्या नागपुरी बोलण्यालाही त्या हसायच्या. बोलणं तिनं हळूहळू बदललं. दगड तसाच ठेवला.

मी सातवीत असताना विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आमच्या लोकांची घरं पेटली. आमच्या गावात दिवेलागणीला माणसं आली. वडिलांना आधीच कुणकुण लागली होती. एका ओळखीच्या शेतकऱ्यानं आम्हाला त्याच्या शेतातल्या आखाड्यावर, गुरांच्या गोठ्यापाशी, नेऊन ठेवलं होतं. तिथल्या कडब्याच्या आडोशाला बसून आम्ही गावाच्या दिशेचा उजेड बघितला. तो आमच्याच घराचा आहे, हे सगळ्यांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी परत आलो तेव्हा छप्पर गेलं होतं. माठ फुटून खापऱ्या झाल्या होत्या. छपरीत पावसाळ्यासाठी रचून ठेवलेल्या कापसाच्या पऱ्हाट्यांची गंजी अजून धुमसत होती आणि तिच्या कडेला तो दगड होता, काजळीनं काळाकुट्ट. आईनं काठीनं राख बाजूला सारली, दगडावर हात ठेवला आणि चटकन काढून घेतला. तो अजून तापलेला होता. ती त्याच्या शेजारी बसून राहिली. वडील आगीतून वाचलेली पुस्तकं मोजत होते, मोजत कसले, नुसती इकडची तिकडं ठेवत होते.

त्यानंतर वडिलांनी बदली करून घेतली आणि आम्ही परभणीला एका खोलीत राहायला आलो. दगडही आला. आईनं तो राखेनं घासला, नारळाच्या शेंडीनं घासला आणि नवा माठ आणून त्याच्यावर ठेवला. काजळी गेली. पट्टे पुन्हा दिसायला लागले.

आमचे घरमालक रेल्वेतून निवृत्त झालेले एक म्हातारे मुसलमान गृहस्थ होते. एकदा भाड्याची खोली गळते का ते बघायला आले आणि माठाजवळच थांबले. "ये पत्थर नहीं है," ते म्हणाले, "लकडी है. हजारों साल जमीन में रही, पत्थर हो गई. हमने हैदराबाद के अजायबघर में देखी है." त्यांनी पट्ट्यांवरून बोट फिरवलं. झाडाच्या बुंध्याला असतात तशाच रेषा होत्या. मला ते लगेच पटलं. आईला अजिबात पटलं नाही. "माझा बाप खाणीत होता, लाकडाच्या वखारीत नव्हता," ती ते गेल्यावर म्हणाली.

वडील हसत हसत म्हणाले, "पण ह्याची एक बाजू लाल कशी काय? हा तर पिवळा होता."

"पिवळा कुठं? पहिल्यापासून असाच हाय. एका अंगाला लाल, एका अंगाला पिवळा."

"न्हाई. मी रोज ह्याच्यावर विळ्याला धार लावायचो. सगळा पिवळा होता."

"तुमच्या बापानं दिला का माझ्या बापानं?"

वडिलांना ते पटलं नाही. मी आठवून आठवून थकले. मी त्या दगडासमोर तासन्‌तास बसले होते आणि त्याचा रंग मला सांगता येत नव्हता. हे मला फार चमत्कारिक वाटलं. तिघांनी रोज बघितलेली वस्तू, आणि ती कशी होती यावर तिघांचं एकमत नाही.

पुढं मी सायन्सला गेले आणि भूगर्भशास्त्र हा विषय घेतला. वर्गात आम्ही मुली अगदी थोड्या. पहिल्या प्रॅक्टिकलला सरांनी टेबलावर दगडांचे तुकडे मांडले. बहुतेक काळे, आपल्याकडचेच. एक बारकासा तांबूस तुकडा उचलून ते म्हणाले, "हा वालुकाश्म. वाळूचा दगड. आपल्या जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही, म्हणून हा सांभाळून वापरा."

मी तो हातात घेतला, अंगठ्यानं चोळला आणि अंगठ्याला बारीक रेती लागली. विळ्याला धार लावताना आमच्या दगडाची अशीच रेती निघायची.

"सर, आमच्या घरी असा एक मोठा दगड आहे. पट्ट्यापट्ट्यांचा. तो पाणी पितो."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. ते सेलूकडचे होते, किडकिडीत, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. "पितो म्हणजे काय होतं, ते नीट सांग," ते म्हणाले.

मी सांगितलं. घरमालकांचं लाकडाचं मतही सांगितलं.

"पट्टे असलेला दगड म्हटलं की तीन गोष्टी मनात येतात," सर म्हणाले. "एक गारगोटी. आपल्याकडं नदीत सापडते, तिच्यातही पट्टे असतात. पण ती काचेसारखी गुळगुळीत, पाण्याचा थेंब तिच्यावर नुसता बसून राहील. दुसरं, दगड झालेलं लाकूड. त्याच्यात उभे धागे दिसतील, काड्यांची मोळी आडवी कापल्यासारखी टोकं दिसतील. तिसरा वाळूचा दगड. त्याच्यात धागे नाहीत, दाणे असतील. पण तू घरी जाऊन त्याला नाव देऊ नकोस. आधी बघ, मग मला सांग." आणि त्यांनी स्वतःचं भिंग मला दिलं.

त्या संध्याकाळी मी माठ उतरवला, दगड दारात उजेडाला आणला आणि भिंग लावलं. इतक्या वर्षांच्या ओळखीनंतर मी त्याला पहिल्यांदा बघत होते. दाणे होते. साखरेच्या दाण्यांसारखे, गोलसर, एकमेकांना चिकटून बसलेले. पिवळ्या भागात दाण्यांवर पातळ पिवळी साय होती, तपकिरी पट्ट्यात ती साय जाड होऊन दाण्यांच्या मधल्या फटी भरून गेल्या होत्या. दाणे मात्र दोन्हीकडं सारखेच. म्हणजे पट्ट्याची वाळू वेगळी नव्हती, वाळूवरचा रंग वेगळा होता. हे मला तेव्हा नुसतं दिसलं, त्याचा अर्थ लागला नाही. मी आईला बोलावलं. तिनं एक डोळा मिटून भिंगातून पाहिलं आणि बराच वेळ डोळा काढला नाही.

"अगं, ही तर सगळी वाळू हाय."

"लाकूड न्हाई ना?"

"मी काय म्हणले व्हते!" ती म्हणाली, आणि घरमालकांना सांगायला उठलीसुद्धा. मीच तिला थांबवलं.

सरांना सगळं सांगितल्यावर ते म्हणाले, "दाणे आहेत, म्हणजे वाळूचा दगड. पण पट्टे कशाचे ते वरवर बघून कळणार नाही. वरची कातडी किती वर्षं हाताळलेली, घासलेली आहे. ताजा फुटलेला भाग बघायला पाहिजे. एक कोपरा फोडून आण."

आईनं ऐकून घेतलं आणि सरळ सांगितलं, "फोडायचा न्हाई."

"एवढासा कोपरा, आई."

"जळत्या घरातनं वाचला तो. आता तू फोड."

 मी सरांना जाऊन सांगितलं की आई नाही म्हणते. सर म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. मग मीच येऊन बघतो, जेवढं दिसेल तेवढं."

ते खरंच आले. सायकल बाहेर लावली, चप्पल काढून आत आले. आईनं चहाचं आधण ठेवलं, पण कप पुढं करताना ती जरा अडखळेल हे मला माहीत होतं. तेव्हा आमच्याकडं आलेले काही लोक चहा नुकताच झाला म्हणायचे. सरांनी माठाकडं बघून विचारलं, "आधी पाणी मिळेल का? उन्हातून आलोय." आईनं तांब्या भरून दिला. ते घटाघटा प्याले, रिकामा तांब्या तिच्या हातात परत दिला आणि जमिनीवर उकिडवे बसून दगड बघायला लागले. मी बसायचे तसेच.

"हे थर दिसतात," ते पट्ट्यांवर बोट ठेवून म्हणाले. "नदीनं एका पुरात एक थर टाकला, दुसऱ्या पुरात दुसरा. पण हे एवढे वळलेले कसे, ते मात्र..." ते थांबले. मग दगड फिरवून लाल बाजू बघितली आणि तिथं आणखी थांबले. "हे पण कळत नाही. पट्टे इकडून तिकडं अखंड जातात, आणि हा लाल रंग पट्ट्यांना न विचारता मधेच सुरू होतो."

आई चूल सोडून जवळ आली. "फोडल्यावर काय दिसंल?"

"माहीत नाही," सर म्हणाले. "माहीत असतं तर फोडा म्हटलंच नसतं."

सर गेल्यावर आईनं माठ परत दगडावर ठेवला. पण दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आले तर तिनं घरमालकांकडून छिन्नी-हातोडा आणून ठेवला होता. "माझ्या बापानं जल्मभर दगडच फोडले," ती म्हणाली. "आत काय हाय म्हणून त्याला कुणी इचारलं न्हाई. बघू तरी."

खाणीत भाकरी घेऊन जाताना तिनं वडिलांना काम करताना पाहिलं होतं, स्वतः कधी हत्यार धरलं नव्हतं. आम्ही दोघींनी ठरवलं की दगड थरावर फुटतो, तेव्हा पट्ट्याच्या रेषेवर छिन्नी ठेवायची म्हणजे कोपरा अलगद निघेल. तिनं एका जाड पट्ट्यावर छिन्नी धरली. मी हातोडा मारला. एकदा, दोनदा. काहीच नाही. मग तिनं हातोडा माझ्याकडून घेतला आणि जोरात हाणला. दगड फुटला, पण आम्ही ठरवल्यासारखा नाही. छिन्नी होती पट्ट्यावर आणि फूट गेली पट्ट्यांना आडवी कापत, सपाट, वहीचं पान उलगडावं तशी. कोपऱ्याऐवजी एका टोकाचा चांगला मोठा तुकडा निघाला.

आईनं तोंडावर हात घेतला. मला वाटलं आता रडणार. पण ती तुकडा उचलून बघत होती. "हे कसं काय? पट्ट्यावर मारलं अन् फुटला दुसरीकडंच."

मी तुकडा पिशवीत घालून धावतच सरांकडं गेले. त्यांनी तो खिडकीत नेला, फिरवला, परत फिरवला. मग स्टुलावर बसले.

"मी चुकलो," ते म्हणाले, आणि त्यांना त्याचा चक्क आनंद झालेला होता. "पट्टे म्हणजे थर नव्हेत. हे बघ, जिथं फुटलाय ना, तो थर. ह्या सपाटीवर अभ्रकाचे कण चमकतात, नदीच्या पाण्यात वाळूबरोबर आडवे पडलेले. वाळू बसली ती अशी. आणि पट्टे जातात तिच्यातून आरपार, तिरके. थर आधीचे, पट्टे नंतरचे."

"नंतर कुठून आले?"

सरांनी प्रयोगशाळेच्या भिंतीकडं हात केला. पावसाळ्यात तिथं ओल चढून गेली होती आणि वाळताना एकाबाहेर एक अशा तपकिरी रेघा सोडून गेली होती. "भिंत बांधताना ह्या रेघा कुणी काढल्या का? ओल आली, जिथपर्यंत पोचली तिथं डाग सोडून वाळली. परत आली, परत सोडला. तुमच्या दगडाचं तसंच काहीसं. वाळूचा दगड तयार झाला, त्यानंतर किती काळ गेला कोण जाणे, आणि मग त्याच्यातून लोखंडाचा अंश असलेलं पाणी झिरपत गेलं. तू म्हणतेस ना पाणी पितो? तेच. जिथं जिथं लोखंड साचलं तिथं गंज धरला. हे पट्टे म्हणजे गंज आहे."

भिंगातून दिसलेली ती दाण्यांवरची साय मला तेव्हा कळली. वाळू तीच, गंज कमी-जास्त.

मग सरांनी तुकड्याची कड दाखवली. लाल रंग बाहेरून बोटभर आत गेला होता आणि तिथं थांबला होता. आत सगळा पिवळा. "हा तिसराच प्रकार. हा रंग बाहेरून आत आलाय. पिवळा गंज खूप तापला की लाल होतो, कुंभाराच्या भट्टीत मातीची खापरी लाल होते तसा. हा दगड कधी भट्टीजवळ होता का? चुलीच्या तोंडाला?"

मी म्हणाले, "आमचं घर जळालं होतं, सर. अठ्ठ्याहत्तर साली."

 तुकडा त्यांच्या हातातच होता. थोड्या वेळानं त्यांनी तो दोन्ही हातांनी मला परत दिला आणि म्हणाले, "नुसतं माझ्या सांगण्यावर विश्वास ठेवू नकोस. घरी पिवळी कपची घे आणि तापवून बघ."

घरी आई भाकरी थापत होती आणि वडील पेपर वाचत होते. मी कुणालाच काही न सांगता फुटलेल्या तुकड्याची पिवळी कपची काढली आणि चुलीतल्या निखाऱ्यांत सारली. आई म्हणाली, "हे काय करायलीस?" मी म्हणाले, थांब. तिच्या भाकरी होईपर्यंत आम्ही थांबलो. मग चिमट्यानं कपची बाहेर काढली, पत्र्यावर ठेवली. आधी ती राखेनं पांढुरकी दिसत होती. गार झाल्यावर आईनंच ती पदरानं पुसली.

लाल झाली होती. दगडाच्या त्या बाजूसारखीच लाल.

वडिलांनी पेपर खाली ठेवला. इतक्या वर्षांचा वाद ते जिंकले होते, पण त्यांनी तसं काही तोंडावर दिसू दिलं नाही. आईनं कपची दगडाच्या लाल अंगाला लावून बघितली.

"म्हंजी बापानं दिला तवा समदा पिवळा व्हता."

"हो."

"अन् मी रोज बघून बघून इसरून गेले." ती बराच वेळ लाल भागावरून हात फिरवत होती. मग तिनं विचारलं, "तिकडं खाणीत अजून असला पिवळा दगड असंल का गं?"

आजी-आजोबा गेल्यापासून आई माहेरी गेलीच नव्हती. तिथं तिचा धाकटा भाऊ होता, कुणाच्या लग्नकार्यापुरती भेट व्हायची. त्या उन्हाळ्यात मी म्हणाले, चल जाऊ. वडील म्हणाले, तुम्ही दोघी जा, तुमचं दगडाचं काम आहे. पूर्ण्याला गाडी बदलून अकोला, तिथून नागपूर, पुढं एस.टी. आई खिडकीशी बसली होती. अकोल्यानंतर फेरीवाल्यांचं बोलणं बदललं तशी तिच्या तोंडातली भाषाही बदलत गेली, आणि नागपूरला उतरताना ती हमालाला म्हणाली, "काहून ओढून राहिला रे?" मी तिच्याकडं बघतच राहिले.

मामा आम्हाला दुसऱ्या दिवशी सकाळी खाणीवर घेऊन गेला. खाण बंद पडलेली होती. तळाला पाणी, कडेला बाभळी. पण समोर उंच कापलेली भिंत होती आणि ती सगळी आमच्या दगडाची होती, पिवळी, तपकिरी, कुठं जांभळट. भिंतीवर गंजाचे पट्टे पुराच्या पाण्यासारखे वळसे घेत गेले होते, आणि त्यांच्या खालून, त्यांच्याशी काही संबंध नसल्यासारखे, वाळूचे थर दिसत होते. आईला आता दोन्ही वेगळे ओळखता येत होते. "हे थर, हे पट्टे," ती मामाला दाखवत होती. मामा जन्मभर त्या भिंतीखाली राहिलेला. तो कौतुकानं मान हलवत होता, दगडाकडं कमी आणि बहिणीकडं जास्त बघत.

एका ठिकाणी आई थांबली. तिथं जाड आडव्या थराच्या पोटात बारीक बारीक तिरक्या रेषा होत्या, सगळ्या एकाच बाजूला कललेल्या, सुपात तांदूळ पाखडून एका कडेला आणावेत तशा.

"हे तिरपं काहून? हा पट्टा की थर?"

मी जवळ जाऊन भिंग लावलं. रेषेरेषेला दाणे लहान-मोठे होत होते. "थरच आहे. वाळू अशीच पडलीय, तिरपी. वाहतं पाणी वाळू ढकलत नेतं आणि ढिगाच्या पुढच्या उतारावर टाकत जातं. उतार ज्या बाजूला, पाणी त्या बाजूला."

"म्हणजे नदी कोणीकडं वाहत होती ते ह्याच्यावरून कळते?"

मी हो म्हणाले. पुस्तकात वाचलं होतं, पण प्रत्यक्ष करून बघितलं नव्हतं. आम्ही दोघी भिंतीला पाठ लावून उभ्या राहिलो आणि रेषा उतरत होत्या त्या दिशेला हात लांब केले. आईनं सूर्य कुठं आहे ते बघितलं. मग जरा पुढं जाऊन दुसऱ्या थरातल्या रेषा तपासल्या. त्यांचाही उतार साधारण त्याच बाजूला. तिसऱ्या थरात मात्र उलटा निघाला, आणि तो का हे मला सांगता येईना.

"वळण असंल तिथं नदीला," आई म्हणाली.

"असेल. किंवा दुसरं काही."

"मंग चौथा बघू."

मामा वरून हाका मारत होता, "अवो बाई, चला ना आता, जेवण थंडं होऊन राहिलं!" आईनं हात वर करून त्याला थांबायची खूण केली. पदर कमरेला खोचला आणि दगडांवरून पाय सांभाळत ती पुढच्या थराकडं निघाली. मी भिंग घेऊन तिच्या मागं.